मंडपवाल्याचं घर टीव्हीवर लागलं तेव्हा

"सर, तुमच्या मुलीला तुम्ही अशा घरात ठेवाल का?"

खरं सांगते, प्रश्न माझा नव्हता. शब्द खुशीचे, पैज उर्वशीची, तोंड तेवढं माझं. टीव्हीवाल्यांची गाडी गावात शिरल्यापासून या दोघी मैत्रिणी माझ्या मागं लागल्या होत्या. "विचार ना वं अर्पे! संमेलनात तं माइक सोडत नव्हती." डिसेंबरात शाळेच्या संमेलनात मी भाषणात पहिली आले होते. त्याआधी हजेरीला 'हजर' म्हटलं तरी माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जायचा नाही. त्या भाषणानंतर मात्र, आई म्हणते, या पोरीच्या तोंडाचं झाकण जे हरवलं ते सापडलंच नाही. अशा पोरीला कोणी "तुह्यात दम नाई" म्हणायचं असतं का?

म्हणून विचारलं. कॅमेरा चालू असताना, टीव्हीवाल्यांदेखत.

कार्यक्रमाचे सूत्रसंचालक निनाद सर जरा गडबडले. मग हसले, आणि प्रश्न चेंडूसारखा माझ्याकडेच परत फेकला.

"आणि तू? तू राहशील इथं?"

मी काहीच बोलले नाही. मी, अर्पिता धर्मपाल, जिच्या तोंडाला झाकण नाही ती. त्या न बोलण्यावरून पुढं जो तमाशा झाला तो सांगायचा तर आधी त्या कार्यक्रमाचं सांगायला हवं.

'आपलं छप्पर' रविवारी संध्याकाळी लागतो. स्वतःच्या हातानं घर बांधणारी माणसं त्यात दाखवतात. कोणी डोंगराच्या कपारीत दगडाचं घर बांधतं, कोणी झाडावर. एकानं तर जुन्या बसचं घर केलं होतं. आमच्याकडं तो बघायचा म्हणजे अर्धा वेळ टीव्ही आणि अर्धा वेळ आबा. आबा म्हणजे माझे आजोबा, नाव उकंडा. त्यांना प्रत्येक घरात खोट दिसायची. "एवढ्या काचा! धुईन कोण, याचा बाप?" "झाडावर घर? म्हातारपणी वांदर होऊन चढशीन काय बे?" "अन् मोरी कुठं हाय? एकही जण मोरी दाखवत नाई." बसचं घर लागलं त्या दिवशी आबा म्हणाले, "याले सकाळी कंडक्टर उठवते काय?" आई हसून हसून भिंतीला टेकली. बघणाऱ्याचं बरं असतं. घर दुसऱ्याचं आणि खोडी काढायला आपण मोकळे.

बाबा मात्र हसता हसता मधेच गप्प व्हायचे आणि टीव्हीजवळ सरकून छताचा वासा कसा बसवलाय ते बघायचे.

माझे बाबा मंडपवाले. ढाणकीपासून महागावपर्यंत लग्न असो, जयंती असो, मंडप बाबांचा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं असं ऊन पडतं की डांबराला चपला चिकटतात, आणि त्या उन्हात भर दुपारी आख्खं वऱ्हाड बाबांच्या मंडपात जेवून उठतं, कोणाला घेरी येत नाही. आणि तेच बाबा घरी येऊन आमच्या घरकुलात झोपायचे. घरकुल म्हणजे सरकारी योजनेतली एक खोली, पुढं पडवी आणि वर स्लॅब. दिवसभर तापलेली ती स्लॅब नंतर आम्हाला भाजत राहायची. एका पहाटे बाबा घामानं भिजून उठले आणि आईला म्हणाले, "जया, लोकायले मी सावलीत बसवतो अन् माही पोरगी तव्यावर झोपते."

तिथून ते घर सुरू झालं.

गावाच्या कडेला आमचा स्वतःचा तुकडा आहे. बाबांनी तिथं दगडाचा उंच ओटा बांधला. त्यावर लग्नाच्या कमानी वाकवतात तसे बांबू वाकवून उंचच उंच कमानी उभ्या केल्या, इतक्या उंच की आत 'ओ' केलं की 'ओ' परत येतो. भिंतींना विटा नाहीत. पऱ्हाटी आहे! कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या वाळक्या काड्या उभ्या राहतात, ज्या सगळं गाव चुलीत घालतं नाहीतर शेताच्या धुऱ्यावर पेटवून देतं, त्या. आईनं त्या एकात एक गुंफून भिंती विणल्या. तिची आई विणायची, तिचीही आई विणायची. त्यांनी डोक्याएवढ्या विणल्या, हिनं शिडीवर उभं राहून दोन मजली. त्यावर आतून-बाहेरून माती, शेण आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, तुडवून केलेला जाड लेप. तुडवणाऱ्या कोण? मी, खुशी आणि उर्वशी. गुडघ्यापर्यंत चिखल आणि मोबाईलवर गाणी.

वर एक माळा, माळ्याला गोल खिडकी. रिसेप्शनच्या स्टेजवर नवरा-नवरी ज्या मोठ्या लोखंडी गोलातून हात धरून बाहेर येतात ना, तो गोल म्हणजे खिडकीची चौकट. एका बाजूनं चेपला म्हणून बाबांच्या गोदामात पडून होता.

"हा माळा तुहा," बाबा म्हणाले होते. "खिडकीत बस अन् अभ्यास कर. नवरीसारखी दिसशीन."

"नवरीसारखी नाई बाबा. कलेक्टरसारखी."

"बरं बाप्पा, कलेक्टर."

गावाला गंमत मिळाली. जाणारा-येणारा थांबायचा. "धर्मपाल, लग्न कोणाचं हाय गा?" "मंडप कव्हा सोडता?" समोरच्या बाबाराव काकाजींचं घर दोन मजली सिमेंटचं आहे, बाहेरून सगळ्या टाइल्स, जणू घर उलटं करून बाथरूम बाहेर काढलंय. ते रोज सकाळी दात घासत यायचे, आमच्या घराला एक गोल चक्कर मारायचे आणि नुसतं "हं" करून जायचे. त्या "हं"पुढं बाकीच्यांचे टोमणे परवडले.

पण खरं दुखणं आबांचं होतं. आबा त्या घरात पाऊल टाकत नव्हते. ओट्यावरसुद्धा नाही. "कूड हाय थो," एवढंच म्हणायचे. कूड म्हणजे काड्यांची, मातीनं लिंपलेली भिंत. आमच्या माणसांना कूड म्हटलं की त्याच्यामागं बरंच काही आठवतं. आबांचा जन्म कुडातला, गावाबाहेरचा, आमच्या लोकांना जिथं ठेवलं होतं तिथला. मग जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घराच्या विटा वाहिल्या. घरकुल मिळालं तेव्हा आबांनी भिंतीला थाप मारून पाहिली होती म्हणे, बैल घेताना पाठीवर मारतात तशी. आणि आता त्यांचा मुलगा मुद्दाम, हौसेनं, काड्यांचं घर बांधत होता.

कार्यक्रमाला व्हिडिओ मीच पाठवला. शेवटी एक नंबर येतो, त्यावर. आणि जानेवारीत फोन आला! "पुढच्या आठवड्यात शूटिंगला येतो." आई नाचायचीच बाकी होती. बाबांची झोप उडाली, कारण भिंतींचा लेप अजून आतून ओला होता.

आता बाबांच्या धंद्यात पाहुणे यायच्या आधी सगळं झाकायचं असतं. बांबूला कापड, खांबाला झालर, दोरीच्या गाठीवरही कागदाचं फूल. तीच सवय नडली. बाबा पडदे घेऊनच निघाले होते, तर टीव्हीवाल्यांनी सांगितलं, कापड नको, भिंत दिसली पाहिजे. मग बाबांनी ढाणकीहून ऑइलपेंटचे डबे आणले. लग्नघराला देतात तो, गुलाबी, चकचकीत.

"अवो, माती आतून वाळली नाई अजून," आई म्हणाली.

"पाहुण्यायले काय मातीचं तोंड दाखवू? दिसायले तं पाहिजे ना!"

आणि दिसलं. आता तो प्रश्न विचारला त्या वेळी नक्की काय झालं ते सांगते. बाबा तेव्हा तिथं नव्हते, दुसऱ्या कॅमेरावाल्याला गोदाम दाखवायला गेले होते. आई चहा करत होती. निनाद सर भिंतीला हात टेकून उभे. माझा प्रश्न आला, सरांनी हात उचलला, आणि हाताबरोबर थाळीएवढा गुलाबी पापुद्रा निघून आला. पुरणाच्या मांड्यासारखा! सरांना पत्ताच नाही. त्याच हातानं माझ्याकडं बोट दाखवून, गंभीर आवाजात विचारतायत, "आणि तू? तू राहशील इथं?" आणि बोटाबरोबर पापुद्रा हलतोय. कॅमेऱ्यामागं खुशीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला. उर्वशी तर खालीच बसली होती. मी तोंड उघडलं असतं तर हसू फुटून सरांच्या अंगावर सांडलं असतं. म्हणून मी ओठ गच्च मिटले, मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं. हसू दाबलं की येतं ते पाणी.

मग सरांना पापुद्रा दिसला, सगळे हसले, आणि मी सांगितलं, "राहीन ना सर! वरचा माळा माझाच आहे." तोपर्यंत कॅमेरा बंद झाला होता. पापुद्र्याचं आम्ही बाबांना बोललो नाही. कशाला वाईट वाटायला लावायचं?

एप्रिलच्या एका रविवारी ते टीव्हीवर लागलं. टीव्ही पडवीत आणला. आख्खी गल्ली गोळा झाली. शेजारच्या मानीबाई सगळ्यात पुढं, पाय पसरून. बाबाराव काकाजी स्वतःची खुर्ची घेऊन आले.

आधी घर वरून दाखवलं.

"मायव! हे आपल्याच गावातलं हाय?" मानीबाई म्हणाल्या.

"वरून तं कासव दिसते," कोणीतरी म्हणालं.

"जया, तुही साडी लय खुलली वं."

मग बाबा बोलताना दिसले. मंडपातली सावली, घरकुलातली स्लॅब, सगळं त्यांनी असं सांगितलं की मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाबा इकडं खांबाला टेकून स्वतःलाच बघत होते, लाजलेल्या नवरदेवासारखे. मला वाटलं, झालं! आता उद्यापासून कोणी विचारणार नाही मंडप कधी सोडता म्हणून.

आणि तेवढ्यात सरांचा हात आला. पापुद्रा. हळूहळू, अगदी हळूहळू निघताना. एकदा दाखवला, परत दाखवला, जवळून परत दाखवला. गल्ली खदखदून हसली. बाबाराव काकाजी म्हणाले, "हं."

त्यानंतर मी. माझा प्रश्न नव्हताच! तो त्यांनी कापून टाकला होता. फक्त सरांचं "तू राहशील इथं?" आणि मग माझा चेहरा. मिटलेले ओठ, खाली मान, ओले डोळे. मागं बासरी. सरांचा आवाज: "स्वप्न बापाचं आहे. पण लेकीचं?" आणि लगेच सिमेंटची जाहिरात.

"हे असं नव्हतं झालं!" मी ओरडले. पण माझं कोण ऐकतंय? जो तो बोलत होता.

"पोरीले कायले जबरदस्ती करता गा धर्मपाल?" मानीबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. "उद्या पोरीले पाहाले पाहुणे येतीन. कुडाच्या घरात बसवसान त्यायले?"

"माती दिसून राह्यली आतून."

"पुण्यामुंबईच्या लोकायले आपली गरिबी पाहाले लय आवडते."

आबा उठले. आत गेले. बाबांनी टीव्हीचा खटका दाबला आणि हसून म्हणाले, "चला, शो संपला." मी बाबांना ओळखते. मंडप पडला तरी ते असेच हसतात.

दुसऱ्या दिवशी खुशीच्या मोबाईलवर आम्ही तिघींनी कार्यक्रमाच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. 'किती गोड घर! मातीशी नातं!' 'हेच खरं सुख. आम्हाला शनिवार-रविवार राहायला मिळेल का?' 'एका पावसात चिखल.' 'मंडपवाला आहे, वरात गेली की सोडून नेईल.' आणि सगळ्यात जास्त बदाम कशाला? 'त्या मुलीचे डोळे बघा. तिला कोणी विचारलं का?'

"अर्पे, तू तं महाराष्ट्राची रडकी झाली!" उर्वशी म्हणाली.

"चूप बस. तुह्यामुळं झालं."

"माह्यामुळं? मी म्हटलं होतं प्रश्न विचार. गप्प राहा कोण म्हटलं होतं?"

मला दोन्हीकडच्यांचा राग आला होता. गोड म्हणणाऱ्यांचा जास्त. शनिवारी येणार, ओट्यावर फोटो काढणार, रविवारी जाणार. एकानंही विचारलं नाही की पाणी कुठून आणता, दिवा कुठं लावता. आबा बरे, निदान मोरी तरी विचारतात. आणि कीव करणारे! माझ्या डोळ्यांत बघून त्यांना सगळं कळलं म्हणे. माझ्या डोळ्यांत काय होतं ते मला माहीत, त्यांना काय माहीत? मी खाली लिहिलं, 'मी तीच मुलगी. मी रडत नव्हते.' त्यावर एका काकूंनी लिहिलं, 'बाळा, घाबरू नकोस. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.'

मी मोबाईल खुशीला परत दिला. डोकं फुटायची वेळ आली होती.

घरी आले तर बाबा दोऱ्या गुंडाळत बसलेले. म्हणाले, "त्या घरात मंडपाचं सामान ठेवून देऊ. गोदाम लहान पडून राह्यलं. खुर्च्या, भाताचे गंज, पडदे. चांगली जागा हाय."

"अन् आपण?"

"आपण हावो ना इथं."

"काहून बाबा? लोक हसले म्हून?"

"लोकायचं काय वं? लोक तं लग्नात पोटभर जेवते अन् भाजीले नावं ठेवते."

"मंग काहून?"

बाबांनी पुढची दोरी ओढून घेतली आणि गुंडाळायला लागले.  मी पाय आपटले, रुसले, जेवणावरून उठले. काही उपयोग नाही. पहिल्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टरनं येणार होत्या.

मग मी ठरवलं, आधी तो गुलाबी चेहरा उतरवायचा. भिंत नुसती भिंत म्हणून दिसली की बाबांना कळेल, खोट रंगात होती. ट्रॅक्टर यायच्या दिवशी सकाळपासून खुशी आणि उर्वशीला घेऊन, तिघींच्या हातात खुरपी. खरडायचीही फारशी गरज नव्हती. कडेला खुरपं सरकवलं की पापुद्रा सळकन निघायचा. खुशीला तर एक दाराएवढा निघाला, तो तिनं शालूसारखा अंगावर घेतला. खाली भिंत कशी? टणटणीत. एक तडा नाही. तीन महिन्यांत आतून-बाहेरून वाळून अशी झाली होती की उर्वशीनं बुक्की मारली आणि स्वतःच हात चोळत बसली.

भर दुपारी बाबाराव काकाजी आले. हातात छत्री, मानेवर ओला टॉवेल. दारात उभे राहून त्यांनी "हं" केलं. मग आत आले. मग परत "हं" केलं, पण हे वेगळं.

"आत एवढं गार काहून हाय?"

"मंडप हाय ना काकाजी," मी म्हटलं. "तुमचं घर कसं हाय सध्या?"

"टाइल्स लय तापते वं." ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. जरा वेळानं त्यांचे डोळे मिटले. आणखी जरा वेळानं घोरायलाच लागले. आम्ही तिघी त्यांच्या भोवतीनं खरडत होतो.

आई पाणी घेऊन आली. उघडी पडलेली भिंत तिनं हातानं चाचपली. विणकाम तिचंच ना. मग मला म्हणाली, "कायले एवढा घाम गाळून राह्यली? तुले राहाचंच नाई तं."

"कोण म्हटलं?"

"आता कोणी म्हणायले पाहिजे का? आख्ख्या जगानं पाह्यलं. तुह्ये बाबा त्या दिवशी जेवले नाई. म्हणे, माह्या हट्टापायी पोरगी रडली अन् मी बाप असून तिले एकदाही विचारलं नाई. परक्या माणसानं विचारलं."

माझ्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. म्हणजे लोकांचं हसणं नाही, पापुद्रा नाही. माझे डोळे! त्या बासरीवर माझ्या बाबांनीही विश्वास ठेवला होता.

"आई, मी हसत होते!"

"आं?"

मग मी हात पुढं करून दाखवलं. बोट, पापुद्रा, सरांचा गंभीर आवाज. खुशीनं ओढणीचा बोळा करून दाखवला, उर्वशी खाली बसून दाखवायला लागली. आई आधी बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला, मग तीही खाली बसली. बाबाराव काकाजी दचकून उठले. "काय झालं? काय झालं?"

"काई नाई," आई डोळे पुसत म्हणाली, "झोपा तुमी." मग माझ्याकडं वळली. "जाय, सांग बाबायले."

सांगायला मी गेलेच होते, अर्ध्या वाटेपर्यंत. मग थांबले. सांगून काय होणार? बाबा म्हणतील, माझं मन राखायला बोलते. शब्दांवर त्यांचा तसाही भरवसा नाही. कमानी उभ्या राहिल्या, कापड चढलं, दिवे लागले तरी ते म्हणत नाहीत की मंडप झाला. पहिलं माणूस येऊन खुर्चीवर बसलं की मग म्हणतात, "झाला."

मी घरकुलाकडं वळले. उर्वशीनं माझी गादी डोक्यावर घेतली. खुशीनं दप्तर आणि यंदाच्या दहावीच्या पुस्तकांचा गठ्ठा. मी माझी पेटी, टेबलफॅन आणि आरसा. गल्लीतून आमची वरात निघाली. मानीबाई दारातून म्हणाल्या, "काय वं, कुठं चालली?"

"माह्या घरी," मी म्हटलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बाबांचा ट्रॅक्टर आला. खुर्च्यांचे मनोरे, वर पडद्यांची गाठोडी. आबाही काठी टेकत मागून आले आणि नेहमीसारखे रस्त्यावरच थांबले. आई ओट्यावर उभी होती. बाबाराव काकाजी अजून आतच होते. मी माळ्यावरच्या गोल खिडकीत पाय दुमडून बसले होते, चेपलेल्या बाजूला पाठ लावून. तिथं पाठ फार छान बसते.

बाबांना आधी भिंत दिसली. गुलाबी रंग सगळा खाली ढिगात, आणि वर मातीची, आईनं विणलेली, उन्हात तांबूस झालेली भिंत. मग मी दिसले.

"अर्पिता, खाली उतर. सामान चढवायचं हाय."

"नाई."

"नाई म्हंजे?"

"बाबा, टीव्हीवर मी हसत होते. पापुद्रा सरांच्या हाताला चिकटला होता. आईले विचारा, खुशीले विचारा. मी ओठ मिटले नसते तं सरांच्या तोंडावर हसली असती."

बाबांनी आईकडं पाहिलं. आईनं मान डोलावली आणि तिला परत हसू यायला लागलं. बाबांच्या चेहऱ्यावर ते यावं की नाही, असं अडकलं होतं.

रस्त्यावरून आबांची काठी वाजली. "हसो नाईतर रडो. कूड थो कूडच. माह्या बापाचा जल्म कुडात गेला. मी कुडातून निंघालो. अन् माही नात परत कुडात झोपीन?"

आबांना उलट बोलायचं नसतं. पण भाषणात पहिली आल्याचा काही उपयोग व्हायला नको?

"आबा, तुमाले कुडात ठेवलं होतं. मले कोणी ठेवलं नाई. ही भिंत माह्या मायनं विणली, माती मी तुडवली, जागा आपल्या नावाची हाय. अन् गावाकडं तोंड करून दार हाय. तुमी या, थाप मारून पाहा भिंतीले. बैलावानी."

  आबा घराकडं बघत राहिले, खालपासून वरपर्यंत, कमानीच्या टोकापर्यंत.  मग त्यांनी काठीनं ओट्याच्या मागच्या बाजूकडं खूण केली.

"मोरी कुठं हाय यात?"

"मागं हाय आबा," बाबा पटकन म्हणाले. "दगडाची. उताराले काढली."

"हं," आबा म्हणाले. आत आले नाहीत. पण ओट्याच्या कडेला टेकले, आणि मागं वाकून तळहातानं भिंतीला एक थाप मारली.

बाबांनी वर माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातात अजून पहिली खुर्ची होती, उचललेली, तशीच. "अर्पिता," ते म्हणाले, "आता मी विचारतो. बापानं विचाराले पाहिजे होतं, म्हून विचारतो. तुले खरंच इथं..."

"थांबा बाबा." मी खिडकीत उभी राहिले. गोलाच्या बरोबर मधोमध, नवरीसारखी नाही. "आई, तूही ऐक. माही गादी वर हाय. दप्तर वर हाय, पुस्तकं लागली, आरसा टांगला. ती एक खुर्ची मले वर द्या, अभ्यासाले लागते. बाकीच्या गोदामात परत न्या. तुमी आज या, उद्या या, आबायले घेऊन या, घाई नाई. पण राहशीन का म्हून आता कोणी विचारू नका. मी राहून राह्यली."